आत्याचा एकतीस नंबर

आमच्या इमारतीत एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती: माझ्या आत्याकडे कॅन्सरचं औषध आहे आणि ती ते कुणाला देत नाही.

मूळ बातमी मेडिकलवाल्या काकांची. ते काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवतात आणि गिऱ्हाइकाच्या कानात शिरल्यासारखे बोलतात. "धातूचं औषध आहे. धातूचं! एक थेंब, खलास. पण कंपन्या बाहेर येऊ देतील? अं? तुम्हीच सांगा. बरं, खोकल्याची बाटली मोठी देऊ का लहान?" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यात आमचा फ्रीज घातला. "अगंऽऽ, बर्फाच्या ट्रेच्या मागे आहे. निळ्या झाकणाची. साखर मागायला गेले तेव्हा या डोळ्यांनी बघितली." आणि तळमजल्यावरचे रिटायर्ड आजोबा, ज्यांना प्रत्येक गोष्टीत परदेश दिसतो, ते नुसते मान हलवून म्हणाले, "सौदा झालाय. परदेशात." झालं. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

निळ्या झाकणाच्या बाटलीत माझ्या डोळ्यांत घालायचे थेंब होते. आणि बर्फाच्या ट्रेच्या मागे एक अर्धं चिरलेलं लिंबू, त्याचं वय विचारू नये.

आता खरं काय ते. आत्या एका संशोधन संस्थेत रसायनं बनवते. औषधं नाही, औषध होऊ शकतील अशी रसायनं. आणि या 'होऊ शकतील'मध्येच तिचे अर्धे केस पांढरे झालेत. कॅन्सरवर प्लॅटिनमचं एक जुनं औषध आहे, ते आजही सलाइनमधून देतात. ते गाठीला झोडपतं, पण जाता जाता मूत्रपिंडांना आणि कानांनाही दोन ठेवून देतं. म्हणून जगभर आत्यासारखी माणसं दुसरे धातू घेऊन बसली आहेत. आत्याचा धातू रुथेनियम. मधोमध धातूचा एक अणू, भोवती तीन-चार रेणू त्याचा हात धरून उभे. कुणाचा हात सोडवायचा आणि कुणाचा हातात द्यायचा, हे तिचं काम.

"थोडक्यात, तू लग्नं जुळवतेस," बाबा म्हणतात. बाबा आत्याचे थोरले भाऊ, लिफ्ट बसवण्याचं काम करतात.

"आणि घटस्फोटही मीच करून देते," आत्या म्हणते. "त्याशिवाय दुसरं लग्न कसं लागणार?"

आईची नोकरी बदलीची, त्यामुळे घरात आम्ही तिघंच असतो. घराची किल्ली आत्याकडे आणि माझी शाळा तिच्या संस्थेच्याच रस्त्यावर. म्हणून शाळा सुटली की मी तिच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर जाऊन बसते. कॉरिडॉर आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये मोठी काच आहे. काचेपलीकडचं सगळं दिसतं, आणि दार कायम अर्धवट उघडं असल्यामुळे ऐकूही येतं. मला आणखी काय हवं?

आत्या चंबूंशी बोलते. एकटी असली की मोठ्याने. "विरघळ ना गं बाई. तुझ्या नादात माझा चहा गार झाला." "रुसलात? रुसा. मी पण बसते इथंच." एकदा पिवळ्या द्रावणाने अचानक हिरवा रंग धरला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुला?" घरी मी चूक केली की मलाही ती अगदी याच आवाजात विचारते. त्यामुळे मी चंबूंच्याच बरोबरीची आहे, हे मला फार पूर्वी कळलं.

तिथे आणखी दोन माणसं. एक सर, म्हणजे तिथले प्रमुख. त्यांना कुठलंही वाक्य एका दमात पुरं करता येत नाही. "आपण फार पुढे गेलोय. म्हणजे, फार नाही. म्हणजे, मागे नक्कीच नाही." मी त्यांचं नाव 'म्हणजे सर' ठेवलं, आणि आत्याने मला दटावलं आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः वापरलं. दुसऱ्या त्या पेशी सांभाळणाऱ्या मॅडम. पेशींवर तोंडातले जंतू उडू नयेत म्हणून दिवसभर मास्कमागून हळू बोलायचं, त्यामुळे आता त्या बाहेर रिक्षाही कुजबुजत थांबवतात. थांबत नाही ती. त्या कुजबुज मॅडम.

तर, आत्या संयुग बनवणार, त्याला नंबर मिळणार, कुजबुज मॅडम ते कॅन्सरच्या पेशींवर घालणार. पेशी असतात प्लॅस्टिकच्या छोट्या थाळीत. थाळीला बोटाच्या टोकाएवढे खळगे. तीन दिवसांनी त्या खळग्यांत एक पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असल्या तर त्या रंगाचा जांभळा करतात, मेलेल्या असल्या तर रंग फिकट पिवळाच राहतो. पहिल्यापासून तिसाव्या नंबरापर्यंत आत्याच्या नशिबी जांभळाच आला. घरात जांभळा टॉवेल आणला तर ती त्याने तोंड पुसत नसे.

एकतीस नंबर फिका आला.

थाळी दिव्याखाली धरली, तर अख्खी ओळ फिकी. म्हणजे सर धावत आले. "जिंकलो! म्हणजे, जिंकलो असं नाही. पण म्हणजे, काय आहे हे!" कुजबुज मॅडम कुजबुजल्या, "पुन्हा करून बघितलं. तसंच." आत्या बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली आणि माझ्या डब्यातला उरलेला पाव खाऊन टाकला. सगळा.

त्यानंतरच इमारतीत बातमी पसरली. सांगितली कुणी? बाबांनी, अर्थात, मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी घेताना, छाती पुढे काढून. तिथून ती धातूचा थेंब होऊन वर आली.

हसण्यावारी गेलं असतं. पण एका संध्याकाळी कोपऱ्यावरचा शिंपी दारात आला. गळ्यात टेप तशीच, दुकान उघडं टाकून आलेला. त्याच्या बायकोला पोटाचा कॅन्सर होता.

"ताई, मला सगळं नको," तो म्हणाला. "थोडंसंच. ती आता पाणीसुद्धा ठेवत नाही पोटात."

"दादा, औषध नाहीये माझ्याकडे. शपथ. जे आहे ते फक्त थाळीतल्या पेशींवर घातलंय. थाळीतल्या पेशी फिनाइलनेही मरतात."

"पण तुमच्याने मरतात ना?"

"हो. मरतात."

"मग झालं तर," तो म्हणाला. भांडायला आला नव्हता तो. जिना उतरताना कठड्याला धरून उतरला. आत्याने दार लावलं आणि कडीवरचा हात काही काढला नाही. बाबा म्हणाले, "अगं, तू खरं तेच सांगितलंस." ती म्हणाली, "हो ना." पण आवाज असा, जणू चंबूने पुन्हा हिरवा रंग धरलाय.

पुढे तपासणी समिती येणार होती. संस्थेला पैसा देणारी ही मंडळी वर्षाकाठी एकदा येतात आणि ठरवतात कुणाचं काम चालू ठेवायचं आणि कुणाचं बंद. या वेळी सर मागणार होते उंदीर: एकतीस नंबर आता उंदरांवर बघायचा. मिळाले तर आणखी तीन वर्षं काम. नाही मिळाले तर प्रयोगशाळा दुसऱ्या विभागाला, कुजबुज मॅडम घरी आणि आत्यासुद्धा, कारण तिची नोकरी अजूनही करारावर. हे सगळं मला कुणी सांगितलं नाही. पण तीन माणसं एकाच वेळी हळू बोलायला लागली की काय चाललंय ते कळतं, आणि त्यातली एक तर मुळातच हळू बोलते.

उंदरांना पुरेल एवढा एकतीस नंबर हवा म्हणून आत्याने तो नव्याने, मोठ्या मापाने बनवला. या वेळी निवांत, सगळं सावकाश. नारिंगी पूड झाली, पहिल्यासारखीच. ती तिने काळ्या कागदात गुंडाळून खणात ठेवली.

पहिली पूड मात्र खणात नव्हती. समितीला दाखवायच्या चित्रांसाठी सरांनी त्या छोट्या काचेच्या बाटलीचे फोटो काढले होते. "उन्हात काय दिसतंय बघा! म्हणजे, सोनंच." फोटो काढून बाटली खिडकीतच राहिली.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाकावर गणितं करत होते. आत्या हात पुसत खिडकीशी गेली. बाटली उचलली. फिरवली. पुन्हा फिरवली. मग ती चंबूंशीही बोलेना, स्वतःशीही बोलेना. मी पेन खाली ठेवलं, कारण आत्या गप्प असणं ही माझ्या माहितीत नवीन गोष्ट होती.

उन्हाकडच्या बाजूने पूड राखाडी पडली होती.

तिने खणातून नवी पूड काढली, तशाच बाटलीत घातली आणि जुन्या बाटलीशेजारी उन्हात ठेवली. मग बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली.

"काय झालं?"

"काही नाही. बघायचंय."

"काय बघायचंय?"

"एक काळी पडते का दोन्ही पडतात."

बघता बघता उतरतं ऊन बाटल्यांवरून सरकत काठापर्यंत गेलं. आत्या उठली. जुनी आणखी मळली होती. नवी स्वच्छ नारिंगी.

तिने मला सांगितलं ते असं. धातूचा हात क्लोरीनने घट्ट धरलेला असतो. तो सोडवायला चांदीचा क्षार घालतात. चांदी क्लोरीनला घेऊन जाते आणि त्याचा पांढरा गाळ होतो, जो उन्हात काळा पडतो. तो गाळ अतिशय बारीक असतो, एका गाळणीत सापडत नाही. रात्रभर अंधारात बसू द्यायचा, मग पांढऱ्या पावडरीच्या थरातून पुन्हा पुन्हा गाळायचा. ही शिस्त या कामातली पोरंसोरंही पाळतात.

"पहिल्या वेळी मी एकदाच गाळलं," आत्या म्हणाली.

"का?"

"पेशी त्याच दुपारी तयार होत्या. सर मागे उभे. 'होऊ द्या, म्हणजे, घाई नाही, पण होऊ द्या.' मी बघितलं, पाण्यासारखं नितळ दिसत होतं. म्हटलं, चालेल."

"पण मशीनवर तपासलं होतंस ना?"

"ते मशीन कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजतं. चांदीला विचारतच नाही."

"मग थोडी चांदी राहिली. बिघडलं काय?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. "चांदी पेशी मारते."

मला तेव्हा कळलं. अख्खी फिकी ओळ, तो पाव, छाती काढून गेलेले बाबा, 'तुमच्याने मरतात ना', 'हो, मरतात'. हे सगळं एका नीट न गाळलेल्या चांदीचं काम असू शकत होतं.

ती आधी कुजबुज मॅडमकडे गेली. काचेतून मला फक्त दोन मास्क हलताना दिसत होते. लगेच थाळी लावायची ठरलं. तीन ओळी: एकीत जुनी पूड, दुसरीत नुसता चांदीचा क्षार, तिसरीत नवी स्वच्छ पूड. पण पेशींना समितीची घाई कळत नाही. निकाल तीन दिवसांनी. समिती उद्या सकाळी.

मग ती सरांकडे गेली, दोन्ही बाटल्या घेऊन. सरांच्या खोलीचं दार बंद होत नाही, बिजागरी गेलेली आहे. मी पाणी प्यायला उठले. पाण्याचा नळ त्यांच्या दाराशेजारीच आहे, त्याला मी काय करू?

"थोडी चांदी असेल," सर म्हणत होते. "म्हणजे, असेलच असं नाही. आणि असली तरी मुख्य काम आपल्या संयुगाचंच असणार. तुम्हाला नाही वाटत?"

"वाटतं सर. पण माहीत नाही."

"मग निकाल येऊ द्या. तो आला की आपण समितीला कळवू. लेखी. म्हणजे, गरज पडली तर."

"उद्या आकडा दाखवायचा आणि नंतर कळवायचं?"

"तुम्ही उद्या काहीच दाखवू नका. मी दाखवतो. तुम्ही फक्त बसा." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि सर एकदम वेगळ्याच, खालच्या आवाजात म्हणाले, "त्या मॅडमची दोन मुलं अजून शिकतायत, हे लक्षात असू द्या." या वाक्यात 'म्हणजे' नव्हतं. माझ्या हातातला ग्लास भरून वाहायला लागला.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"तीन दिवस! फक्त तीन दिवस गप्प राहा. खोटं बोल असं कुणी म्हणतंय का? नुसतं गप्प राहा."

"दादा, उद्या त्यांनी उंदीर दिले की पुढे कोण थांबवणार? उंदीर, मग संशोधनाचा पेपर, मग कुणीतरी तोच पेपर धरून आपली तीन वर्षं घालवणार."

"आणि निकाल चांगला आला तर? तुझंच संयुग मारत असेल तर? मग उद्या उगाच स्वतःच्या हाताने सगळं घालवलंस ना!"

"हो," आत्या म्हणाली. "ते पण होऊ शकतं."

"मग?"

"मग काय. तेच तर."

बाबा माझ्याकडे वळले. "तू सांग हिला." मी आत्याची बाजू घ्यावी की बाबांची ते मला ठरवता येईना. मला नोकरीही हवी होती आणि एकतीस नंबरही. मी म्हटलं, "शिंप्याला काय सांगायचं?" बाबा उठून नळ नीट बंद करायला गेले. तो बंदच होता.

दुसऱ्या दिवशी मला शाळा नव्हती. मी आत्याबरोबर गेले. तिने इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारात फक्त म्हणाली, "चहाच्या खोलीत बस. आणि ऐकू नकोस." चहाची खोली आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये प्लायवुडची भिंत आहे. माझे कान मी घरी ठेवून आले नव्हते.

समितीत तिघं होते. आवाजांवरून सांगते. एक घोगरा, प्रत्येक प्रश्नाआधी बिस्कीट मोडणारा. एक तरुण, सगळ्याला "इंटरेस्टिंग, इंटरेस्टिंग" म्हणणारा. आणि एक बाई, त्यांचा आवाज अगदी सावकाश, जणू प्रत्येक शब्द तोलून मगच टेबलावर ठेवतायत. प्रमुख त्याच असाव्यात, कारण त्या बोलल्या की बिस्कीट मोडणं थांबायचं.

सर बोलत होते. चांगलं बोलत होते, 'म्हणजे' फार कमी. मग म्हणाले, "आणि हा एकतीस नंबर. आलेखातला हा खांब बघा. बाकी सगळे खुजे आणि हा एकटा उंच. किती पेशी मारल्या ते."

"इंटरेस्टिंग!"

"म्हणून आम्ही उंदरांसाठी—"

"सर, एक मिनिट."

आत्या. प्लायवुडच्या या बाजूला मी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि कान भिंतीला लावला.

"प्रश्न नंतर घेऊ," सर म्हणाले.

"प्रश्न नाहीये. या खांबाची मला खात्री नाही."

घोगरा आवाज म्हणाला, "म्हणजे काय? हे तुम्हीच बनवलंय ना?"

"मीच. म्हणूनच सांगतेय. यात चांदी राहिली असण्याची शक्यता आहे. गाळताना माझ्याकडून घाई झाली. ही ती बाटली, उन्हात काळी पडली. ही नवी, पडली नाही."

काचेची बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग दुसरीचा.

"किती चांदी?" सावकाश बाई.

"मोजलेली नाही."

"मारण्याएवढी?"

"माहीत नाही. काल दुपारी थाळी लावलीय. निकाल अजून दोन दिवसांनी."

"म्हणजे तुम्हाला काल दुपारी कळलं."

"हो."

"आणि तुमच्या सरांना?"

आत्याने 'हो' म्हटलं तर सर गेले. 'नाही' म्हटलं तर तिनेच उघडी केलेली बाटली तिनेच पुन्हा झाकली. ती काही बोलण्याआधीच सर म्हणाले, "मलाही काल. संध्याकाळी." आणि थांबले. मी वाट बघत राहिले, आता 'म्हणजे' येणार, आता येणार. नाही आलं.

"मग हा खांब अजून पडद्यावर का आहे?" सावकाश बाई म्हणाल्या. इतक्या सावकाश की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण सगळे एकदम बोलायला लागले. घोगरा म्हणत होता, अशाने विश्वास कुणावर ठेवायचा. तरुणाचं 'इंटरेस्टिंग' बंद पडलं होतं. मग खुर्च्या सरकल्या, आमची माणसं बाहेर आली आणि समिती आत राहिली. कॉरिडॉरमध्ये तिघं भिंतीला पाठ लावून उभी राहिली, वर्गाबाहेर काढल्यासारखी. कुणी कुणाकडे बघेना. कुजबुज मॅडम कागदाचा रुमाल दुमडत होत्या, मग उलगडत होत्या. मी चहा घेऊन गेले, कुणी घेतला नाही.

"मला आधी सांगता आलं असतं," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

"काल सांगितलं होतं, सर."

"हो. म्हणजे... सांगितलं होतं."

दार उघडून सावकाश बाई स्वतः बाहेर आल्या. बुटक्या होत्या. मी आवाजावरून उंच समजत होते. त्या आत्याला म्हणाल्या, "उंदीर मिळणार नाहीत."

"बरोबर आहे."

"तीन वर्षंही मिळणार नाहीत. एक मिळेल. माणसं तीच राहतील. वर्षाअखेर काय मारतं आणि काय मारत नाही ते मला सांगायचं. काय मारत नाही ते आधी." मग सरांकडे वळून, "आणि तो खांब काढा." गेल्या त्या. त्यांच्या पाठोपाठ बिस्कीटवाले, शेवटचं बिस्कीट हातात.

कुजबुज मॅडम तिथेच जमिनीवर बसल्या आणि रडल्या, तेही कुजबुजतच. आत्या त्यांच्या शेजारी बसली. सर आपल्या खोलीत जाऊन ते न लागणारं दार लावायचा प्रयत्न करत राहिले.

वर्षभराची नोकरी वाचली, पण एकतीस नंबर वाचला की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. तो पेशी उबेत ठेवायच्या पेटीत, इन्क्युबेटरमध्ये होता, थाळीत, तिसऱ्या ओळीत. त्या दोन दिवसांत आत्याला काही विचारायची सोय नव्हती. ती दुधाऐवजी पाणी तापवायला ठेवायची आणि ते उतू जायची वाट बघत उभी राहायची. बाबा घरात पाय न वाजवता चालत होते. शेवटी मीच म्हटलं, "आत्या, मला वाटतं तुझंच मारतंय. चांदी असेल थोडी, पण तुझंच मारतंय."

"मला नाही वाटत."

"तूच बनवलंयस!"

"म्हणूनच. तीस जणांना ओळखते मी त्याच्या खानदानातल्या. एकाने कधी डास मारला नाही. हाच कुठून एवढा शूर निघाला?"

"लावतेस पैज?"

ती बऱ्याच वेळाने हसली. "लाव. पण पैशाची नाही."

"हरेल तिने महिनाभर बाथरूम घासायचं. तिसरी ओळ फिकी आली तर मी जिंकले. जांभळी आली तर तू."

"चालेल."

"विचार कर. मी जिंकले तर तुझं औषध खरं."

"ऐकलं मी. हात दे."

बाबा स्वयंपाकघरातून ओरडले, "कसल्या बायका आहेत या! अगं, स्वतःच्या विरुद्ध पैज कोण लावतं?" आम्ही हात मिळवला.

निकालाच्या दुपारी मी शाळेतून जवळजवळ पळतच गेले. या वेळी बाकावर नाही. कुजबुज मॅडमनी मला आत घेतलं, पांढरा कोट दिला, तो मला गुडघ्यांपर्यंत आला. सर मागे हाताची घडी घालून उभे. पिवळा रंग घालून झाला होता, त्याला काम करायला वेळ द्यायचा होता. तेवढा वेळ चौघंही एका बंद पेटीकडे बघत होतो. आत्या नखाने टेबलाच्या कडेचा पापुद्रा काढत होती.

मॅडमनी थाळी काढली आणि दिव्याखाली ठेवली.

पहिली ओळ, जुनी पूड: फिकी. दुसरी ओळ, नुसती चांदी: फिकी, अगदी तशीच, जुळ्या बहिणींसारखी. तिसरी ओळ जांभळी. पहिला खळगा जांभळा, दुसरा जांभळा, तिसरा, चौथा, पुढचे सगळे. गच्च, धडधाकट, जिवंत.

"थांब!" मी ओरडले. "शेवटचा बघ! शेवटचा जरा फिका आहे! आहे ना मॅडम?"

आत्या वाकली. नाक थाळीला लागेल एवढी वाकली. मी श्वास धरून होते, आणि मला वाटतं, सरही.

"आहे," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त डोस तिथेच आहे. एवढ्या डोसने मीठसुद्धा मारतं."

"पण थोडं तरी—"

"हरलीस."

मी मान हलवली. आत्याने थाळी अलगद मॅडमच्या हातात दिली, हातमोजे काढले आणि उलटे करून डब्यात टाकले. तिचे डोळे लाल होते, पण माझ्या डोक्यावर तिने टपली मारली ती नेहमीच्याच जोराने.

"ब्रश सिंकखाली आहे," ती म्हणाली. "आणि कोपरे सोडायचे नाहीत. मी बघणार आहे."